गुहेची गोष्ट आणि दोनशे छप्पन्न ठिपके

मुलांनो, या वेळच्या भित्तिपत्रकात मी एका खेळाविषयी लिहितो आहे. हा खेळ मैदानावरचा नाही, संगणकाच्या पडद्यावरचा आहे. "गुरुजी आणि व्हिडिओ गेम?" अशी कुजबूज एव्हाना सुरू झाली असेल. खुशाल कुजबुजा! पण लेख शेवटपर्यंत वाचा, मग काय ते विचारा. मी हा खेळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीन वेळा खेळलो आहे, तेव्हा ऐकीव माहिती लिहीत नाही बरं का.

खेळाचे जपानी नाव आहे ‘दोकुत्सु मोनोगातारी’. दोकुत्सु म्हणजे गुहा आणि मोनोगातारी म्हणजे गोष्ट. इंग्रजीत त्याला ‘केव्ह स्टोरी’ म्हणतात. आपण ‘गुहेची गोष्ट’ म्हणू. जपानमधील दाइसुके अमाया या गृहस्थांनी तो तयार केला. कॉलेजात असताना त्यांनी सुरुवात केली आणि फावल्या वेळात काम करीत सुमारे पाच वर्षांनी, २० डिसेंबर २००४ रोजी, खेळ लोकांसमोर ठेवला. तोही फुकट. कोणीही घ्यावा आणि खेळावा! पुढे २०१० पासून त्याच्या विकतच्या आवृत्त्याही निघाल्या, ती गोष्ट वेगळी.

आता नवल ऐका. मोठाल्या कंपन्यांत असा खेळ करायला चित्रे काढणारे वेगळे, संगीत देणारे वेगळे, संगणकाला सूचना लिहून देणारे वेगळे आणि गोष्ट रचणारे वेगळे असतात. इथे हे सगळे एकाच माणसाने केले. संगीत जुळवायला लागणारी संगणकातली ‘पेटी’सुद्धा त्यांनी स्वतःच बनवली. स्वतःला त्यांनी टोपणनाव घेतले ‘पिक्सेल’. पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा ठिपका. एवढे मोठे काम केलेला माणूस आणि नाव घेतो ठिपक्याचे! मला तरी हे फार आवडले.

हा ठिपका म्हणजे काय ते आधी पाहू. गणिताची चौकटीची वही तुम्हा सर्वांकडे आहे. तिच्यातला एक चौकोन रंगवा. झाला एक पिक्सेल. संगणकाचा पडदा म्हणजे अशीच एक चौकटींची वही. तिच्यातल्या प्रत्येक चौकोनात कोणता रंग भरायचा एवढेच संगणक ठरवीत असतो. दोसुती कापडावर कशिदा काढताना आपण टाके मोजतो ना? पाच टाके लाल, दोन हिरवे, पुन्हा पाच लाल. अगदी तसेच.

‘गुहेची गोष्ट’ या खेळाचा पडदा ३२० ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच आहे. करा गुणाकार. ७६,८०० ठिपके. आता ज्या मोबाइलच्या पडद्यावर १०८० गुणिले १९२० ठिपके असतात, तो घ्या. त्याचे होतात २०,७३,६००. या मोठ्या संख्येला लहान संख्येने भाग द्या पाहू. बरोबर २७! बाकी शून्य. म्हणजे या खेळाचे सत्तावीस पडदे एका मोबाइलच्या पडद्यात मावतील. आणि खेळातला नायक किती मोठा? १६ रुंद, १६ उंच. एकूण २५६ ठिपके, त्यातलेही कडेचे बरेचसे रिकामेच. एवढ्याशा जागेत लाल टोपीचा एक मुलगा उभा आहे. तो धावतो, उडी मारतो, वर बघतो, पाण्यात पडला तर गटांगळ्या खातो.

तुम्ही म्हणाल, एवढे कमी ठिपके का बुवा? २००४ साली संगणक काही इतके गरीब नव्हते. खरे आहे. त्यासाठी थोडे मागे जायला हवे.

१९८३ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘फॅमिकॉम’ नावाचे खेळाचे यंत्र विकायला काढले. त्या वेळी संगणकाची स्मरणशक्ती फार महाग होती. कमी जागा, कमी रंग, कमी ठिपके. त्यात भागवायचे म्हणजे काटकसर आली. तुमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक असलेला मारिओ हा त्या काटकसरीचाच मुलगा. तो यंत्राच्याही आधी, १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळात प्रथम आला. त्याचे जनक शिगेरू मियामोतो यांनीच सांगितले आहे की, थोड्या ठिपक्यांत केस नीट काढता येईनात म्हणून टोपी घातली, आणि नाकाखाली तोंड दाखवता येईना म्हणून मिशा लावल्या. झाले! जगभर ओळखला जाणारा चेहरा अडचणीतून तयार झाला. १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला, तो अवघा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवला होता. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट जागा खातो. त्या खेळातला ढग आणि झुडूप नीट निरखून पाहा. दोन्ही एकच चित्र! वर पांढरे रंगवले की ढग, खाली हिरवे रंगवले की झुडूप. इतकी वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर होते, पण पुष्कळांच्या लक्षात आले नाही.

त्या वेळी काटकसर सक्तीची होती. अमायांना सक्ती नव्हती. त्यांनी ती आपणहून पत्करली. एक तर एकट्या माणसाला काम झेपले पाहिजे. १६ गुणिले १६ चा दगडाचा एक तुकडा एकदा काढला की फरशी बसवावी तसा तो हवा तितक्या वेळा बसवता येतो. ३२० ला १६ ने भागा, २० येतात. २४० ला १६ ने भागा, १५ येतात. २० गुणिले १५, म्हणजे ३०० फरश्यांत एक पडदा भरला. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. चित्र साधे असले की काय कामाचे आणि काय शोभेचे हे खेळणाऱ्याला चटकन कळते. काळ्या पार्श्वभूमीवर एक टोकदार ठिपका दिसला की समजावे, काटा आहे. हल्लीच्या कित्येक खेळांत गवताची पाती न पाती वाऱ्यावर हलते, पण दार कुठे आहे ते सापडत नाही आणि मग दारावर मोठा बाण दाखवावा लागतो. हे माझे मत. तुमचे वेगळे असेल तर वर्गात भांडू.

आता खेळाची जात सांगतो. उड्या मारीत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, कड्यावरून कड्यावर जायचे, अशा खेळाला ‘प्लॅटफॉर्म’ खेळ म्हणतात. कळ थोडी दाबली की लहान उडी, दाबून धरली की उंच उडी. मारिओ याच जातीचा. पण त्यात एक गंमत आहे. १९८५ च्या त्या मारिओत उजवीकडे पुढे गेलात की मागचा रस्ता बंद. पडदा पुढेच सरकतो. मागे काय राहिले ते राहिले.

पुढच्याच वर्षी, १९८६ साली, निन्टेन्डोनेच ‘मेट्रॉइड’ नावाचा खेळ काढला. त्यात काय केले पाहा. खेळणारा सवयीप्रमाणे उजवीकडे धावत सुटतो. थोडे पुढे गेल्यावर वाट इतकी ठेंगणी होते की आत शिरताच येत नाही. मग मुकाट्याने परत फिरायचे, निघालो तिथे यायचे आणि डावीकडे जायचे. तिथे एक वस्तू ठेवलेली असते. ती घेतली की अंगाचा चेंडू करून घरंगळता येते. आता त्या ठेंगण्या वाटेतून सहज जाता येते! कोणी फलक लावला नाही, कोणी सांगितले नाही. पण खेळणारा दोन गोष्टी शिकला. मागे जाता येते, आणि आज बंद असलेली वाट उद्या उघडू शकते. अशा खेळांना शोधाचे खेळ म्हणतात. (जाता जाता सांगतो, या खेळातला चिलखत घातलेला शूर वीर पुष्कळांना पुरुष वाटत होता. खेळ लवकर संपवला की शेवटी शिरस्त्राण निघते आणि आत बाई निघते. सामुस तिचे नाव.)

आपल्या आट्यापाट्यांत नाही का, सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे गेले म्हणजे भागत नाही. लोण घेऊन परत यावे लागते. परत येणे हाच निम्मा खेळ.

आता ‘गुहेची गोष्ट’ उघडू. लाल टोपीचा मुलगा एका अंधाऱ्या गुहेत जागा होतो. तो खरा मुलगा नाही, यंत्रमानव आहे. तो कोण, इथे कसा आला, काहीच त्याला आठवत नाही. खेळणाऱ्यालाही माहीत नसते. दोघे बरोबरीचे अडाणी! बाहेर पडावे तर पुढे वाट अडवलेली. ते दगड फुटण्यासारखे दिसतात, पण फोडायचे कशाने? मग दुसऱ्या बाजूने जावे लागते. वाटेत वटवाघळे, काटे. जवळ जीव किती? फक्त तीन गुण. पलीकडे एका झोपडीत एक म्हातारा कारागीर गाढ झोपलेला असतो आणि शेजारच्या पेटीत एक बंदूक असते. ‘पोलर स्टार’, म्हणजे आपला ध्रुवतारा. ती घेऊन परत यायचे आणि दगड फोडून पुढे जायचे.

बघा, आधी कुलूप दाखवले, मग किल्ली दिली. उलटे केले असते तर? किल्ली आधी मिळाली असती तर ती कशाची हे कळले नसते आणि कुलूप कधी उघडले हेही लक्षात राहिले नसते. मी भागाकार शिकवताना हे ध्यानात ठेवतो. आधी लाडू वाटायची अडचण उभी करावी, मग भागाकाराची रीत सांगावी. रीत आधी सांगितली की वर्ग जांभया देतो, हे तुम्हीच मला शिकवले आहे.

पण ती बंदूक कोणाची होती? झोपलेल्या म्हाताऱ्याची. न विचारता घेतली. खेळ त्या वेळी एक शब्द बोलत नाही. पुढे वाटेत दुसरे कोणी म्हणते, ही देऊन टाक, याहून जोरदार बंदूक देतो. पुष्कळजण देतात. अगदी शेवटाकडे, सगळे बेट पालथे घालून झाल्यावर, पहिल्या गुहेत परत गेलात तर म्हातारा जागा असतो. आपली चीज तो ओळखतो. ध्रुवतारा अजून तुमच्याजवळ असेल, तर तो हातात घेऊन त्याचे अर्धवट राहिलेले काम तो पुरे करून देतो, आणि ती बंदूक फार उत्तम होते. देऊन टाकली असेल तर काय देणार? आणि परतच गेला नाहीत, तर हे सगळे होते हेही कळत नाही.

ज्या बेटावर ही गुहा आहे ते आकाशात तरंगणारे बेट आहे. तिथे सशासारखे दिसणारे ‘मिमिगा’ राहतात. साधे जीव, शेती करणारे, मासे धरणारे. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. ‘डॉक्टर’ नावाच्या एका दुष्ट माणसाने एक जादूचा मुकुट मिळवला आहे. तो मिमिगांना पकडून नेतो आणि लाल फुले खायला घालतो. फूल पोटात गेले की गरीब मिमिगा पिसाळतो, त्याला आपले-परके ओळखू येत नाही. डॉक्टरला त्यांची फौज करायची असते. तोरोको नावाची एक लहान मिमिगा सुरुवातीला चुकून पकडून नेतात. आपण तिला सोडवायला निघतो. शेवटी ती सापडते, पण आपल्या डोळ्यांदेखत तिला ते फूल खायला घालतात. मग जिला सोडवायला आलो तिच्याशीच लढावे लागते. त्या जागी मी खेळ थांबवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. थोड्याशा ठिपक्यांचे ते चित्र, पण घशाशी आवंढा आला.

सगळेच असे दुःखाचे नाही हं. वाळूच्या प्रदेशात एक म्हातारी भेटते, तिची पाच कुत्र्याची पिल्ले हरवलेली असतात. ती शोधून एकेक उचलून आणून द्यायची. बालरोग नावाचा एक मोठ्ठा साबणाच्या वडीसारखा गडी आहे, तो दर वेळी गर्जना करीत येतो, मार खातो आणि पळून जातो. त्याचा राग येतच नाही.

लढाईचा एक नियम मला चांगला वाटला. शत्रू पडला की पिवळे त्रिकोण सांडतात, ते गोळा केले की बंदुकीची ताकद वाढते. पण आपल्याला मार बसला की ती ताकद उतरते. म्हणजे नुसता आडदांडपणा चालत नाही, अंग वाचवावेही लागते.

आता मुख्य गोष्ट. कर्ली नावाची एक मुलगी भेटते. तीही यंत्रमानव, तिलाही काही आठवत नाही. ती आपल्याबरोबर येते, खांद्याला खांदा लावून लढते. एका मोठ्या लढाईनंतर खोलीत पाणी भरू लागते. पाण्याखाली जगण्याची हवेची टाकी एकच, तिच्यापाशी. ती आपली टाकी आपल्याला देते आणि स्वतः बुडते. शुद्धीवर आल्यावर ती बाजूला पडलेली दिसते. दार उघडलेले असते. पहिल्यांदा खेळणारा बहुधा डोळे पुसून पुढे जातो. खेळही पुढे जाऊ देतो. अडवत नाही, रागावत नाही, ‘चुकलास’ म्हणत नाही.

पण तिला वाचवता येते! एक दोरी लागते. ती असेल तर तिला पाठीशी बांधून वाहत्या पाण्यातून नेता येते. वाटेत एक झोपडी लागते, तिथे नीट शोधाशोध करून तिच्या अंगातले पाणी काढावे लागते. दोरी कशी मिळते ते मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की त्याच्या आधी एके ठिकाणी तुम्ही काय केलेत यावर ते ठरते. तिला वाचवले, पुढे तिची आठवण परत आणली, तर ती सांगते की आपण दोघे या बेटावर कशासाठी आलो होतो. गावातले मिमिगा आपल्याला पाहून घाबरले का, त्याचे उत्तर तिथे मिळते. आपण मिमिगांना मारायला आलोच नव्हतो, तो मुकुट नष्ट करायला आलो होतो! ज्याने तिला सोडले, त्याला स्वतःविषयीचे हे उत्तर तिच्या तोंडून ऐकायला मिळत नाही.

आणखी एके ठिकाणी एक मित्र म्हणतो, चल, इथून पळून जाऊ. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायचे. हो म्हटले की खेळ तिथेच संपतो. दोघे सुखरूप निसटतात. मागे राहिलेल्यांचे काय, त्याचा विचार आपण करायचा. या खेळाला तीन शेवट आहेत, त्यातला हा एक.

मला एका पालकांनी विचारले, गुरुजी, पोरांना गेमचा नाद लावता का? नाद लावायचा नाही. या खेळात बंदूक आहे, तीही मला फारशी आवडत नाही. पण या खेळात रोज काही बक्षीस मिळत नाही, पैसे भरून पुढे जाता येत नाही, आणि तो एक दिवस संपतो. संपणारा खेळ आणि कधीच न संपणारा खेळ यांत फरक करायला पोरांनी शिकावे, असे मी त्यांना सांगितले. त्यांना पटले की नाही कोण जाणे, पण चहा घेऊन गेले.

आणि हो, अभ्यासाचे गाइड असते तसे खेळाचेही मिळते. कुठे काय दडले आहे ते सगळे त्यात लिहिलेले असते. एकदा खेळून झाल्याशिवाय ते उघडू नका. दोरी सापडणे आणि दोरी कुठे आहे ते वाचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

करून पाहा

१. चौकटीच्या वहीत १६ गुणिले १६ चा चौकोन आखा. त्यात आपल्या घरातल्या एका माणसाचा चेहरा काढा. फक्त तीन रंग वापरा. नाव लिहायचे नाही. वर्गाने ओळखले पाहिजे. आजोबांचा फेटा, आईचे कुंकू, काकांचा चश्मा, कोणती खूण ठेवायची आणि काय गाळायचे ते तुम्ही ठरवा.

२. आता फक्त काळा आणि पांढरा रंग वापरून एक चित्र काढा. काळ्या चौकोनाला १ आणि पांढऱ्याला ० लिहा. पहिल्या ओळीपासून सगळे आकडे मित्राला वाचून दाखवा. त्याने चित्र न पाहता आपल्या वहीत ते काढायचे. संगणक चित्र साठवतो ते असेच. असा एक १ किंवा ० म्हणजे एक ‘बिट’, आणि आठ बिटांचा एक ‘बाइट’. तुमचे चित्र किती बाइटचे झाले? (उत्तर ३२ यायला हवे. नाही आले तर चौकोन पुन्हा मोजा.)

३. सहावी-सातवीच्या मुलांसाठी. एका कागदावर पाच खोल्यांची गुहा आखा. एक वाट अशी ठेवा की ती आधी दिसेल पण जाता येणार नाही, आणि ती उघडायची वस्तू दुसऱ्या टोकाला असेल. कुठेही एक अक्षर लिहायचे नाही, बाण काढायचा नाही. मग तिसरीतल्या एखाद्या मुलाला पेन्सिल देऊन त्या गुहेत सोडा आणि तो कुठे अडतो ते गप्प बसून बघा.

चित्रे शनिवारपर्यंत आणून द्यावीत. या लेखाखालचा अर्धा कागद त्यासाठीच कोरा सोडला आहे. टाचण्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेत.